भिंतीवरची शून्यं

ही गोष्ट एकोणीसशे बाहत्तर सालच्या हिवाळ्यातली. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि जायचं नाव घेईना. प्रयोगशाळेच्या नळाला सकाळी पाणी येत नसे, आलं तर हात लावायची सोय नसे. तेव्हा आकडेमोड स्लाइड रूलवर करायची, आलेख हाताने काढायचे, आणि एखादी बाई संशोधन करते म्हटलं की माणसं मान वळवून बघायची.

प्रयोगशाळेत तिला सगळे नाकवाली म्हणत. तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘नाकवाली’. तिलाही ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ती खरोखरच नाक तयार करत होती. तांदळाच्या दाण्याएवढी चिनी मातीची नळी, तिच्या आत प्लॅटिनमची केसासारखी तार, आणि बाहेरून कथिलाच्या ऑक्साइडचा पांढरट लेप. याला ते मणी म्हणत. तार तापली की लेप तापायचा. तापलेल्या लेपाजवळ विषारी वायू आला की लेपातून वीज जास्त वाहायची आणि तबकडीवरचा काटा चढायचा. माणसाला ज्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही, तो कोळशाच्या अर्धवट जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड या मण्याला कळावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण त्या एवढ्याशा मण्याने सात वर्षं तिच्या नाकी नऊ आणले होते. कधी तो दमट हवेला भुलायचा, कधी फरशीच्या पॉलिशला. दारूच्या वासाला तर फारच लवकर.

मण्यांवर पालथ्या घालायच्या काचेच्या घंटा फुंकून देणारा काचवाला होता. तो दुपारी जेवून आला की काटा उड्या मारायचा.

“बाई,” तो म्हणायचा, “माझ्या बायकोला वीस वर्षांत जे कळलं नाही ते तुमच्या मण्याला दारातूनच कळतं. हे बाजारात नका आणू हं. कित्येकांचे संसार मोडतील.”

रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट ठरलेली असे. कोपऱ्यात शुद्ध हवेचं सिलिंडर उभं होतं. त्याची कळ अर्धी फिरवायची, ती हवा काचेच्या घंटेखाली मण्यावरून जाऊ द्यायची, काटा थरथरायचा थांबला की बटण फिरवून तो शून्यावर आणायचा. याला ‘शून्य लावणं’ म्हणत. सकाळी भेटल्यावर माणसं बरं आहे ना विचारत नसत, “शून्य लावलं का?” असं विचारत. काचवाला हसायचा. “काय थाट आहे तुम्हा लोकांचा! श्वास घ्यायची हवासुद्धा बाटलीतून येते.”

त्याचं ते बोलणं तेव्हा नुसतं विनोदाचं होतं.

तिचा दादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. रुग्णालयांच्या चादरी, टॉवेल धुणाऱ्या मोठ्या धुलाई कारखान्यात तो बॉयलरवर होता. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून दादाच तिचा आई आणि दादाच बाप. घरी ती ‘छोटी’. चौतीस वर्षांची झाली तरी छोटीच. लग्न झालं नव्हतं, दादा-वहिनीकडेच राहायची. दादाला मूल नव्हतं, आणि वहिनी म्हणायची, “मला काय कमी आहे? एक चौतीस वर्षांचं आहे की. अजून पानातली भाजी टाकतं.”

दादा टापटिपीचा माणूस. बॉयलरच्या खोलीत कोळशाची धूळ उडायची, पण त्याची वाफेच्या दाबाची तबकडी आरशासारखी लख्ख. त्या खोलीत कधीमधी डोकं धरायचं. दादाचा त्यावर एकच उपाय होता. कपाळ ठणकायला लागलं की फावडं टाकायचं आणि अंगणात जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. “माझं नाक माझ्या कपाळात आहे,” तो तिला चिडवायचा. “तुझ्या मण्याला सात वर्षं लागली, माझं जन्मापासून तयार आहे.”

“तुझं कपाळ चुकतं, दादा. थंडीनेही दुखतं आणि वहिनीशी भांडलास तरी दुखतं.”

“भांडल्यावर तर नक्कीच दुखतं,” वहिनी आतून म्हणाली.

त्या वर्षी मणी एकदाचा जमला. लेपात पॅलेडियमचा कण घातला, भट्टीतली उष्णता थोडी उतरवली, आणि तीन महिने काटा शहाण्यासारखा वागला. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी परवानगी दिली की एक खोका तयार करून बाहेर कुठेतरी लावून बघावा. कुठे, हा प्रश्नच नव्हता. नाकवालीने खोका दादाला दिला.

खोका डब्याएवढा. वर तबकडी, काट्याला पुढे एक तांबडी रेघ, बाजूला बटण. विजेवर चालणारा. झाकणावर चिकटवायचं सूचनेचं कार्ड तिने स्वतः लिहिलं. सर म्हणाले होते, “थोडक्यात लिहा, बाई. लांबलचक कुणी वाचत नाही.” तिने तीन ओळी लिहिल्या: वीस मिनिटं तापू द्यावे. बटण फिरवून काटा शून्यावर आणावा. काटा तांबड्या रेघेवर गेल्यास सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे. खाली कार्बन ठेवून एक नक्कल काढली आणि खणात टाकली. सर कार्ड वाचून म्हणाले, “वा. याला म्हणतात लिहिणं.”

दादाने खोका टॉवेलात गुंडाळून नेला. संध्याकाळी आला तो छाती फुगवून. “सगळ्यांना दाखवला. म्हटलं, माझ्या बहिणीच्या डोक्यातून निघालंय हे. बॉयलरवरचा माझा जोडीदार विचारतो, यात रेडिओ लागतो का!”

“आणि शून्य?”

“लावलं की. कार्डात लिहिलंय तसंच. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो.”

तिला बरं वाटलं. तिने आणखी काही विचारलं नाही.

चौऱ्याण्णव दिवस तो खोका चालला. पंचाण्णवाव्या दिवशी जोडीदार कोळशाच्या गाड्या मोजून दहा वाजता परत आला, तर दादा बॉयलरसमोर पडलेला. तोंड लालबुंद, हातात फावडं तसंच. त्याला ओढून अंगणात काढलं, रुग्णालयात नेलं, आणि तो वाचला. पाचव्या दिवशी उठून बसला, वहिनीशी थट्टा केली, घरी आला. घरात जणू सण झाला. मग तिसऱ्या आठवड्यात तो एकदा चप्पल घालायची कशी ते विसरला. मग शेजाऱ्याचं नाव. मग वार, महिना, साल. डॉक्टर म्हणाले, या वायूचं असंच असतं, माणूस परत देतो आणि मग थोडा थोडा काढून घेतो.

वहिनी त्या दिवसांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. “आठ दिवस डोकं दुखतंय म्हणत होते. मी म्हटलं, बाहेर जाऊन उभे राहा ना नेहमीसारखे. तर म्हणाले, थंडीचं दुखतंय. छोटीचा काटा शून्यावर आहे. छोटीचा काटा खोटं बोलत नाही.”

चौकशी ठरली. त्याआधी एका सकाळी सर, सुरक्षा निरीक्षक आणि नाकवाली बॉयलरच्या खोलीत गेले. धुराच्या नळीचा सांधा मागच्या बाजूने फुटला होता, तो एव्हाना बुजवला होता. निरीक्षक म्हणाला, भेग जुनी असावी, दोन-तीन महिन्यांची, हळूहळू वाढलेली. मग खोका का गप्प बसला? खोका तर प्रयोगशाळेत परत तपासला होता आणि तो उत्तम चालत होता.

“खोका कुठे ठेवायचा तो?” तिने जोडीदाराला विचारलं.

“ही काय फळी. त्यानेच ठोकली.”

फळी बॉयलरच्या मागे होती. तिच्याशेजारी भिंतीत प्लग.

“आणि शून्य कुठे लावायचा?”

“इथंच की, बाई. प्लग इथंच आहे ना. आल्या आल्या बॉयलर पेटवायचा, मग खोका लावायचा, वीस मिनिटं बसायचं आणि बटण फिरवायचं. एक दिवस चुकला नाही गडी. ते बघा.”

त्याने बोट दाखवलं. फळीच्या वर, काजळी पुसून स्वच्छ केलेल्या पट्टीवर, खडूने काढलेली शून्यं होती. रोजचं एक. दहा-दहाच्या ओळी, एकाखाली एक, सगळी सारख्या आकाराची, गोल, नीट मिटलेली. शेवटच्या ओळीत पाच.

ती तिथंच कोळशाच्या ढिगावर बसली. सर म्हणाले, “बाई, कपडे खराब होतील.”

तिला एका क्षणात सगळं कळलं होतं. खोलीत वायू आधीच होता. रोज थोडा अधिक. दादा रोज त्या वायूतच काटा शून्यावर आणत होता. म्हणजे रोज त्या खोक्याला सांगत होता की हीच चांगली हवा, इथून पुढे मोज. शेवटच्या दिवशी काटा चढला असेल, पण त्या खोट्या शून्यापासून चढला, तांबड्या रेघेच्या बराच अलीकडे थांबला. आणि दादाने कपाळाचं ऐकलं नाही, काट्याचं ऐकलं.

शून्य चांगल्या हवेत लावायचं असतं. हे प्रयोगशाळेत कुणी कुणाला सांगत नसे. कोपऱ्यात सिलिंडर उभं असे, त्याची कळ फिरवल्याशिवाय बटणाला हात कुणी लावलाच नसता. ‘चांगल्या हवेत’ ही दोन शब्दांची गोष्ट कार्डावर लिहायला ती विसरली नव्हती. ती लिहायची असते हेच तिच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. चौकशीत वाचायच्या निवेदनाचा मसुदा टेबलावर होता. यंत्र निर्दोष. सदर कामगाराने यंत्र दूषित हवेत शून्यावर आणले, हा त्याचा निष्काळजीपणा.

“सर, कार्डावर तसं लिहिलंच नव्हतं.”

“झाकण फुटलं होतं. दुरुस्तीसाठी मी काढून ठेवलंय. कार्ड कुणाजवळ नाही.”

सर वाईट नव्हते. तिच्यासारख्या बाईला त्यांनीच कामावर घेतलं होतं, इतरांनी नाकं मुरडली तेव्हा. त्यांचा आवाज मऊ झाला. “बाई, तुमच्यावर काय कोसळलंय ते मला कळतं. पण विचार करा. यंत्रच सदोष असं कागदावर आलं तर हे काम बंद होईल. सात वर्षांचं. दुसरा खोका तयार झाला तर शंभर बॉयलरवाले वाचतील. एका शब्दाने तुमच्या भावाचं आता काय बिघडणार आहे? त्यांना तर तो वाचताही येणार नाही.”

ते खरं होतं. दादाला आता वाचता येत नव्हतं. पण वहिनीला येत होतं. कारखान्याच्या पहिल्या पत्रात तो शब्द आला तेव्हा वहिनीने ते पत्र घडी घालून पोळपाटाखाली ठेवलं आणि म्हणाली, “सव्वीस वर्षं दाबाची तबकडी पुसली या माणसाने. निष्काळजी म्हणे. माणूस गेला तर गेला, छोटी, पण हा शब्द मी घरात ठेवणार नाही. तू शिकलेली आहेस. तू काढून टाक.”

त्या संध्याकाळी नाकवालीने खणातली कार्बनची नक्कल घरी नेली. वहिनी पोळ्या लाटत होती. दादा दारापाशी स्टुलावर बसून भिंत बघत होता. तिने नक्कल वहिनीसमोर धरली आणि सगळं सांगितलं, बॉयलरच्या खोलीतलं, सिलिंडरचं, न लिहिलेल्या दोन शब्दांचं.

वहिनी लाटायची थांबली नाही. ती पोळी पूर्ण लाटली, तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली, “उद्या हे तिथे सांगणार?”

“सांगणार.”

“काम जाईल?”

“जाईल बहुतेक.”

“मग सांगा, वन्सं.” चौदा वर्षांत पहिल्यांदा ती छोटी न म्हणता वन्सं म्हणाली. “तुम्ही सांगाच. त्यांच्या नावावरचा डाग जाऊ दे. माझ्या मनातलं मी बघेन काय करायचं ते.”

चौकशी कारखान्याच्या कार्यालयात झाली. लांब टेबल, कोमट पाण्याचे पेले, खिडकीबाहेर दोरीवर गोठून ताठ झालेल्या चादरी. सरांनी मसुदा वाचला. निरीक्षकाने विचारलं, कुणाला काही सांगायचंय? नाकवाली उभी राहिली. तिने कार्डाची नक्कल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “हे कार्ड मी लिहिलं. यात तीन ओळी आहेत आणि माझ्या भावाने त्या तीनही जशाच्या तशा पाळल्या. चौथी ओळ मी लिहायला हवी होती. चूक त्याची नाही, माझी आहे.”

व्यवस्थापक म्हणाला, “बाई, भाऊ आहे म्हणून बोलताय.”

“भाऊ होता म्हणूनच तो ते अक्षरशः पाळत होता. दुसरा कुणी असता तर डोकं दुखल्यावर बाहेर गेला असता.”

सर चादरींकडे बघत राहिले.

निकालातून तो शब्द निघाला. त्याच्या जागी ‘सूचनापत्रातील त्रुटी’ असं आलं. वहिनीने नवं पत्र दोनदा वाचलं आणि पोळपाटाखालचं जुनं शेगडीत घातलं. नाकवालीशी काही बोलली नाही.

मण्याचं काम बंद झालं. सरांनी तिला काढून टाकलं नाही, तळघरातल्या खोलीत पाठवलं. तिथे सिलिंडरं भरायचं काम होतं. हवा गाळायची, कोरडी करायची, तपासायची आणि दुसऱ्या प्रयोगशाळांना पाठवायची. शून्य लावायची हवा. पुढची बावीस वर्षं तिने तेच केलं. पाठवलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात ती स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी इतकी लांब असे की लोक वैतागायचे. काचवाला तळघरात येऊन म्हणायचा, “बाई, हवा पाठवताय की प्रबंध?” मग जरा वेळ शेजारी बसायचा. तिच्यासाठी तो फारच कमी पिऊन यायला लागला होता, असं त्याची बायको सांगायची.

खोका आता प्रयोगशाळेलाही नको होता, म्हणून तो घरी आला. दादाला जोडीदार आठवत नव्हता, कारखाना आठवत नव्हता, कधीकधी वहिनीही आठवत नव्हती. पण सकाळी सात वाजले की तो अस्वस्थ व्हायचा, हात हवेत काहीतरी फिरवायचे. वहिनीने एकदा खोका त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो शांत झाला. वीस मिनिटं मुकाट बसला, मग बटण फिरवलं.

नाकवालीने दुसऱ्या दिवशी खोका उचलला आणि दादाला हात धरून दाराबाहेर पायऱ्यांवर नेलं. तारा केव्हाच तोडल्या होत्या, काटा मेलेला होता, तरी तिला तो घरात शून्य लावताना बघवेना.

“इथं का आणलंस, छोटे?” तिला मात्र तो विसरला नव्हता.

“इथली हवा चांगली आहे, दादा. शून्य चांगल्या हवेत लावायचं असतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं.

“असं होय? मग तसं लिहायचं ना गं कार्डावर. आम्हाला काय कळतं त्यातलं.”

“हो, दादा. लिहीन.”

दुसऱ्या दिवशी तो ते विसरलेला असायचा. पुन्हा पायऱ्यांवर यायचा, पुन्हा विचारायचा, इथं का, आणि तिने सांगितलं की पुन्हा तेच म्हणायचा, मग तसं लिहायचं ना गं. तसाच आश्चर्याने, तसाच मायेने. वहिनी आतून म्हणायची, “वन्सं, तुम्ही उगीच का सांगता? नुसतं बसवा त्यांना.” पण ती सांगायचीच. अकरा वर्षं, रोज सकाळी, पावसाचे दिवस सोडले तर.

दादा एका सकाळी पायऱ्यांवरच गेला, बटणावर हात ठेवून. पंचावन्न वर्षं उलटून गेली होती त्याला.

सरांचं पुन्हा काही जमलं नाही. कार्बन मोनॉक्साइडचे चांगले खोके दुसऱ्यांनी तयार केले, बाजारात आणले, आणि सरांनी ते वाचलं तेव्हा ते निवृत्त झाले होते. ते वारल्यावर त्यांच्या कपाटात एक झाकण सापडलं, कार्ड चिकटवलेलं. नव्या प्रमुखांनी ते तळघरात पाठवून दिलं. सरांनी ते फेकलं नव्हतं, एवढंच.

काचवाला म्हातारपणी मुलीकडे राहायला गेला. दर वर्षी त्याचं पत्र यायचं, त्यात एकच विनोद असायचा, आणि मग एका वर्षी पत्र आलं नाही. जोडीदाराने दुसरीकडे काम धरलं. कारखाना पाडला तेव्हा तो बघायला गेला होता. म्हणाला, शून्यांची भिंत सगळ्यात शेवटी पडली, काजळीने झाकली गेली होती, पण खडू दिसत होता.

वहिनीने रुग्णालयाच्या शिवणखोलीत काम केलं आणि नणंद-भावजय एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. पानातली भाजी टाकण्यावरून आता वहिनी बोलत नसे, तिचंही पान तसंच असे. दादा गेल्यावर सहाव्या वर्षी वहिनीने एकदा गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून आत येताना म्हटलं, “छोटी, दार लोटून घे गं, वारा येतोय.” आणि नाकवाली बराच वेळ दारात तशीच उभी राहिली. दार तिने लोटलं नाही.